कला-वाणिज्यच्या वर्गाला थांबत्या व्हिडिओतून भौतिकशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांत कला आणि वाणिज्यच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावाच लागतो. आमच्याकडे त्यातले बरेच जण रोजच्या जगण्यातलं भौतिकशास्त्र घेतात. थोडे आवडीनं घेतात, बाकीचे वेळापत्रकात दुसरं काही बसत नाही म्हणून. हा विषय मी संवादी व्हिडिओ वापरून शिकवतो. वर्गात आम्ही त्याला ‘थांबता व्हिडिओ’ म्हणतो. सहकारी, पालक आणि मुलं तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

यूट्यूबवरचा व्हिडिओ लावून देणं आणि हे, यात फरक काय?

हा व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढं सरकत नाही.

एक उदाहरण सांगतो. पडद्यावर एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात सोललेला नारळ, दोन्ही छातीच्या उंचीवर. हात सुटायच्या आत चित्र थांबतं. जमिनीवर आधी काय पोचेल? मागच्या बाकावरून आवाज येतो, “जड शे ते पहिले पडी!” मी म्हणतो, तोंडानं नको, बोटं दाखवा. एक बोट नारळ, दोन बोटं लिंबू, तीन बोटं दोन्ही बरोबर. बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजारच्याचं बघून बदलता येत नाही. मग शेजारच्याशी दोन मिनिटं भांडायचं, पुन्हा बोटं दाखवायची आणि त्यानंतरच पुढचं चित्र.

नारळ आणि लिंबू एकदमच आपटतात. त्या क्षणी वर्ग जो गप्प होतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप. उत्तर एकदा हातून गेलं की पुढं काय होतं ते बघण्यात जीव अडकतो. चहाची पैज लावल्यावर गल्लीतली मॅचही कशी डोळे फाडून बघतो, तसंच. शेजाऱ्याशी भांडायला लावायची रीत माझी नव्हे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती भौतिकशास्त्राच्या वर्गात रुळवली.

मोबाइल आल्यावर निघालेलं हे फॅड आहे का?

कल्पना चाळीस वर्षांहून जुनी आहे. १९८० च्या आसपास अमेरिकेत रॉबर्ट फुलर आणि डीन झोलमन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लेझर डिस्कवर असे धडे तयार करत होते. ताटाएवढी ती तबकडी. तिच्या एका बाजूला ५४,००० चित्रं मावत, सेकंदाला ३० या हिशेबानं अर्धा तास. प्रत्येक चित्राला क्रमांक असायचा आणि हवं ते चित्र पडद्यावर स्थिर उभं करता यायचं. चालती फीत थांबवून तिच्यावर मोजमाप करता येतं, ही खरी नवलाई होती. झोलमन कॅन्सस स्टेट विद्यापीठात ज्यांना शिकवत त्यांत विज्ञानाकडे न जाणारे, पुढं प्राथमिक शिक्षक होणारे विद्यार्थी होते. म्हणजे आपल्याच वर्गाचे भाऊबंद.

त्यांच्या धड्यांमागं भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कारप्लस यांचं शिकण्याचं चक्र होतं. आधी मुलांना स्वतः धुंडाळू द्यायचं, मग त्याला शास्त्रातलं नाव द्यायचं, मग तेच दुसऱ्या ठिकाणी लावून बघायचं. आपण बहुतेक वेळा नावापासून सुरुवात करतो. ‘त्वरण म्हणजे वेगबदलाचा दर’ असं फळ्यावर लिहिलं की कलेच्या वर्गातले निम्मे डोळे खिडकीबाहेर जातात.

गणित आणि सूत्रं टाळून भौतिकशास्त्र शिकवता येतं का?

सूत्रं बरीचशी टाळता येतात. मोजणं टाळता येत नाही आणि टाळूही नये. वजाबाकी, भागाकार, त्रैराशिक एवढ्यावर वर्षभर भागतं.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या सगळ्यांनी बसमधून बघितलेल्या असतात. ‘आळशासारख्या फिरतात,’ हे सर्वमान्य मत. व्हिडिओत एका पात्याची फेरी मोजायला लावायची. समजा ४ सेकंद आले. पातं ४० मीटर लांब धरलं तर टोकाला एका फेरीत साधारण २५० मीटर अंतर काटावं लागतं. २५० भागिले ४, म्हणजे सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. आळशी पात्याचं टोक एक्सप्रेस गाडीला मागं टाकतं. हा आकडा मी सांगत नाही, त्यांच्याच वहीतून निघतो. त्यावर कोणीतरी विचारतंच, “मग मधला भाग का हळू?” कोनीय वेगाचा, म्हणजे ठरावीक वेळात किती कोन फिरला याचा, धडा तिथून आपोआप सुरू होतो.

पहिला व्हिडिओ कशाचा करावा?

लिंबाचा. खर्च शून्य आणि शिकवण्यासारखं इतकं की तीन तास पुरतं.

चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर दर १० सेंटिमीटरला कोळशानं आडव्या रेघा ओढायच्या. मोबाइल एखाद्या स्टुलावर विटांच्या आधारानं घट्ट उभा करायचा, हातात धरायचा नाही. दुपारच्या लख्ख उजेडात चित्रण करायचं. उजेड कमी पडला की मोबाइल प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो आणि लिंबाची लांबुळकी पिवळी रेघ दिसते. मग तिचं कुठलं टोक मोजायचं यावरून वाद. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं म्हणजे फ्रेम असतात. दर तीन फ्रेमनंतर थांबलं की ०.१ सेकंदाचं अंतर मिळतं.

मुलांच्या वहीत साधारण असं उतरतं: ५, २०, ४४, ७८, १२२ सेंटिमीटर. पहिली वजाबाकी करा. प्रत्येक टप्प्यात लिंबू किती खाली आलं? ५, १५, २४, ३४, ४४. आता या आकड्यांचीच पुन्हा वजाबाकी. १०, ९, १०, १०. “सर, हे तर तेवढंच येतंय!” ही ओरड दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. काटेकोर मोजलं तर ही दुसरी वजाबाकी ९.८ सेंटिमीटर येते आणि गुरुत्व त्वरणाचा पाठ्यपुस्तकातला आकडा मुलांच्या हातात पडतो. वाणिज्यच्या मुलांना मी म्हणतो, दरमहा सारख्याच रकमेनं वाढत जाणारा हप्ता समजा. त्यांना ते चटकन पटतं, आणि चक्रवाढ व्याजाहून हे वेगळं कसं, हेही तेच सांगतात.

यात एक गंमत दडलेली आहे. लिंबू हातातून नेमकं कोणत्या क्षणी सुटलं ते फ्रेममध्ये सापडत नाही. दोन फ्रेमच्या मधे कुठंतरी सुटलेलं असतं. त्यामुळं प्रत्येक गटाची पहिली रांग वेगळी येते आणि मुलं घाबरतात. पण दुसरी वजाबाकी सगळ्यांची जवळपास सारखीच. सुरुवात चुकली तरी वाढ तीच राहते. हे मी आधी सांगत नाही, फळ्यावर सगळ्या गटांचे आकडे शेजारी शेजारी लिहून गप्प उभा राहतो.

तुमचं स्वतःचं कुठं फसलं?

बऱ्याच ठिकाणी. पहिला व्हिडिओ मी २२ मिनिटांचा केला होता, मीच बोलतोय, मागं फळा. मुलं सभ्य होती, झोपली तरी घोरली नाहीत. आता एक तुकडा दीड ते तीन मिनिटांचा, त्यात दोन किंवा तीन थांबे, त्याहून जास्त नाही.

दुसरी फजिती लिंबाचीच. माझ्या व्हिडिओतून त्वरण ९.८ ऐवजी पावणेबारा यायला लागलं. मी मुलांच्या मोजणीला दोष देत राहिलो. शेवटी वाणिज्यची एक मुलगी म्हणाली, “सर, सगळ्यांचा हिशोब एकाच बाजूनं चुकतोय, म्हणजे वहीत चूक नाही, तराजूत आहे.” बरोबर होतं तिचं. रेघा भिंतीवर होत्या आणि लिंबू मी भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढं धरलं होतं. मोबाइल लिंबापासून २ मीटरवर, म्हणजे भिंतीपासून २.४ मीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, तसं जवळून पडणारं लिंबू मागच्या रेघांवर १.२ पट अंतर काटताना दिसत होतं. ९.८ गुणिले १.२ करून बघा. तेव्हापासून मोजपट्टी आणि वस्तू एकाच प्रतलात. तो चुकीचा व्हिडिओ मी पुसला नाही. दरवर्षी दुसऱ्या तासाला तोच दाखवतो आणि ‘तराजूत काय खोट आहे?’ असा थांबा देतो.

इथल्या मातीतली उदाहरणं कशी शोधायची?

शोधायला फार लांब जावं लागत नाही. आखाजीचा झोका घ्या.

अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, निंबाला दोर टांगले जातात, गाणी सुरू होतात. त्या दिवसांत एका विद्यार्थिनीनं तिच्या बहिणींच्या परवानगीनं झोक्याचं चित्रण आणलं. चेहरे दिसत नव्हते, फक्त पाटली, दोर आणि पाय. आधी एकटी बसलेली, मग त्याच झोक्यावर दोघी. थांबा: दोघी बसल्यावर एका झोक्याला लागणारा वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील?

वर्ग तीन तुकड्यांत फुटला. ‘वजन वाढलं म्हणजे जोरात येणार’ म्हणणारे एका बाजूला, ‘वजन वाढलं म्हणजे जड जाणार’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. कारण एकच आणि निष्कर्ष उलटे, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा हशा पिकला. मग दहा झोके मोजले. एकच झोका मोजायचा नाही, कारण बोट दाबायला होणारा उशीर त्यात मोठा वाटा खातो; दहामध्ये तो वाटला जातो. दोन्ही वेळा आकडा जवळपास तेवढाच आला. दोलकाच्या वेळात वजनाला जागा नाही, लांबीला आहे.

खरी मजा पुढं आहे. दोर ४ मीटरचा असेल तर पुस्तकातल्या सूत्रानं एका झोक्याला बरोबर ४ सेकंद लागायला हवेत. दहाला ४०. प्रत्यक्षात ३८–३९ च्या आसपास येतात. पुस्तक चुकलं का? बसलेल्या बाईचा वस्तुमानमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, पाटलीच्या थोडा वर असतो, म्हणून दोलकाची खरी लांबी दोराहून कमी भरते. तीच जर पाटलीवर उभी राहिली तर मध्य आणखी वर जातो आणि दहा झोके ३५–३६ सेकंदांत आटपतात. ‘उभं राहून झोका घेतला की भारी वाटतं’ हे प्रत्येक मुलीला ठाऊक होतं, का ते ठाऊक नव्हतं. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत दोऱ्याला शिशाची गोळी बांधून जे होतं, त्याहून हे मला जास्त भौतिकशास्त्र वाटतं. कोणाला पटो न पटो.

रेल्वेचा व्हिडिओ चालेल का?

उत्तम चालेल. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात रेल्वे म्हणजे घरचंच माणूस. नव्या लाल एलएचबी डब्याची लांबी सुमारे २४ मीटर, म्हणजे मोजपट्टी गाडीनं बरोबरच आणलेली. डब्यांच्या एका जोडापासून पुढच्या जोडापर्यंत खांबासमोरून जायला किती फ्रेम लागल्या ते मोजायचं. २४ फ्रेम लागल्या तर ०.८ सेकंद, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर.

रुळांजवळ, फाटकावर किंवा पुलावर उभं राहून चित्रण करू नका आणि मुलांना करायला सांगू नका. शेताच्या बांधावरून, लांबून, गाडी आडवी दिसेल असं घ्या. लांबून घेतलं तर मोजणीही जास्त बिनचूक येते.

व्हिडिओत न दिसणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ उष्णता, कशा शिकवायच्या?

इथं व्हिडिओ तोकडा पडतो आणि ते मान्य करायला हवं. गारवा पडद्यावर दिसत नाही. आम्ही तापमापकाकडून बोलून घेतो.

दोन तापमापक शेजारी टांगायचे, एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळायचं, समोर पंखा. अर्धा तास चित्रण करून दोन मिनिटांत पळवायचं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास येऊन टेकतो. वीस अंशांचा फरक! हेच चित्रण ऑगस्टमध्ये करा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला फरक जेमतेम दोन अंश. थांबा दोन्ही व्हिडिओंच्या मधे: ‘पावसाळ्यात ओला तापमापक किती खाली येईल?’ मुलं वीसच म्हणतात.

मग माठ आणि कूलर. आपल्याकडे मे महिन्यात कूलर जीव वाचवतो आणि मुंबईच्या मावशीकडे तोच कूलर नुसता चिकचिकाट का करतो, हे मुलं स्वतःच जोडतात. बाष्पीभवन, अप्रकट उष्मा, सापेक्ष आर्द्रता हे शब्द त्यानंतर देतो. आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटावर सॅनिटायझरचा एक थेंब टाकतो, कारण गार वाटणं हे शेवटी कातडीलाच कळायचं.

थांब्यावरचे प्रश्न कसे तयार करायचे?

चुकीचे पर्याय स्वतःच्या डोक्यातून काढू नका, ते मुलांच्या तोंडून घ्या. व्हिडिओ बनवायच्या आधी आठ-दहा मुलांना तोंडी विचारा, “काय व्हई सांग?” त्यांनी जे सांगितलं तेच शब्द पर्यायात लिहा. मी बनवलेले चुकीचे पर्याय कोणी निवडायचंच नाही, कारण ते फक्त भौतिकशास्त्राच्या शिक्षकालाच सुचण्यासारखे होते.

याला एक भक्कम आधार आहे. सिडनी विद्यापीठात डेरेक मलर यांनी २००८ साली पूर्ण केलेलं संशोधन नेमकं यावर होतं. नीटनेटकं, स्वच्छ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ मुलांना आवडला, समजला असंही वाटलं, पण चाचणीत फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत आधी गैरसमज बोलून दाखवला आणि मग तो तपासला, तो मुलांना गोंधळाचा वाटला, पण त्यातून ती जास्त शिकली. म्हणून ‘सर, तुमचा व्हिडिओ एकदम सोपा होता’ अशी शाबासकी मिळाली की मी हल्ली जरा धास्तावतो.

एक पथ्य: प्रश्न पुढं घडणाऱ्या गोष्टीबद्दल असावा. ‘आत्ता मी काय सांगितलं?’ ही हजेरी झाली.

व्हिडिओ प्रमाण मराठीत असावा की अहिराणीत?

माझा आवाज साध्या बोली मराठीतला असतो, पर्याय मुलांच्या भाषेत आणि संज्ञा पाठ्यपुस्तकातल्या. अहिराणीतला पर्याय पडद्यावर आला की वर्ग हसतो, आणि ते हसणं वाया जात नाही. आपल्या भाषेतही विज्ञानाचा प्रश्न विचारता येतो हे त्यात उमगलेलं असतं. धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली असते, त्यांना अहिराणीही परकीच. म्हणून शक्य तिथं शब्दच कमी ठेवतो. पडणाऱ्या लिंबाला भाषा लागत नाही. चर्चा गटात ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, वहीत आकडे.

नेट नसेल, वीज गेली, मुलांकडे मोबाइल नसेल तर?

हा प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला तरी उत्तर एकच आहे: सगळं नेटशिवाय चालेल असंच आखा.

वर्गात एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप, पेनड्राइव्हवर फाइल. थांबणारा व्हिडिओ बनवायला सॉफ्टवेअर लागतंच असं नाही; व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडून जागा आली की स्पेसबार दाबा, ‘ई’ हे अक्षर दाबत गेलात की एकेक फ्रेम पुढं सरकते. उत्तरं बोटांनी. याला पैसा लागत नाही आणि शिकवण्याचा ऐंशी टक्के फायदा, माझ्या अंदाजानं, यातच आहे.

वीज जाणारच. म्हणून प्रत्येक व्हिडिओतल्या पाच फ्रेम एका कागदावर छापून गठ्ठा तयार ठेवतो. पट्टी ठेवून कागदावरच मोजायचं. दोनदा असं झालं आणि दोन्ही तास इतर तासांपेक्षा बरे झाले, हे सांगायला जरा अवघड वाटतं.

घरी बघायला देण्याबद्दल सावध राहा. कित्येक मुलींचा मोबाइल हा भावाचा मोबाइल असतो आणि तो रात्री नऊनंतर हातात येतो. त्यामुळं घरचा व्हिडिओ मी सक्तीचा ठेवत नाही. ग्रंथालयात दोन संगणकांवर सगळे धडे टाकून ठेवलेत.

कोणती साधनं वापरता?

संवादी थांबे घालायला एचफाइव्हपी (H5P) हे सॉफ्टवेअर. ते मोफत आहे आणि मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत बसतं. नेट नसलेल्या संगणकासाठी लुमी नावाचा मोफत संपादक आहे. त्यातून पूर्ण धडा एकाच फाइलमध्ये काढता येतो आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्यात जोडला असेल तर मात्र नेट लागणार. फ्रेममधल्या वस्तूवर टिचक्या मारून आलेख काढायला ट्रॅकर हे सॉफ्टवेअर. डग्लस ब्राउन यांनी बनवलेलं हेही मोफत. फेट (PhET) ही सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे आभासी प्रयोग आहेत, व्हिडिओ नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या या प्रकल्पातलं बरंच काही मराठीतही मिळतं. विजेचं परिपथ शिकवताना मी व्हिडिओच्या नादी न लागता थेट फेट उघडतो.

दुसऱ्यांनी केलेले व्हिडिओ वापरले तर?

वापरावेतच, फक्त थांबे आपले. चंद्रावरचा हातोडा आणि पीस हा तर हवाच. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी १.३२ किलोचा हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नाही, म्हणून दोन्ही बरोबर पडले. लिंबू-नारळाच्या दुसऱ्या दिवशी हा दाखवा. थांबा हातोडा सुटायच्या आधी: ‘इथं पीस तरंगेल का?’ मुलं दोन कारणांत गुंततात, हवा नसणं आणि गुरुत्व कमी असणं. ती दोन सुटी करण्यात अख्खा तास जातो आणि जाऊ द्यावा.

दुसरा टॅकोमाचा पूल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सत्तरेक किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. बऱ्याच पुस्तकांत याला अनुनादाचं, म्हणजे बाहेरच्या धक्क्यांची लय वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळून हालचाल वाढत जाण्याचं, उदाहरण म्हणतात. १९९१ साली बिल्ला आणि स्कॅनलन या अभ्यासकांनी दाखवून दिलं की मामला तितका सरळ नाही. पुलाची हालचालच वाऱ्याकडून ऊर्जा ओढत गेली आणि वाढत गेली. या फितीवर वेळ मोजायला लावू नका. मूळ चित्रण सेकंदाला १६ फ्रेमनं केलेलं आणि प्रचारातल्या कित्येक प्रती २४ नं चालवलेल्या, म्हणजे पूल खऱ्यापेक्षा दीडपट वेगानं हलताना दिसतो. आपल्या मोबाइलवरच्या स्लो मोशनमध्ये हाच घोटाळा उलट्या बाजूनं होतो: चित्रण २४० फ्रेमचं आणि फाइल ३० नं चालणारी.

म्हणजे आता प्रयोगशाळेची गरज नाही?

गरज आहे. व्हिडिओतली मोजपट्टी मुलानं स्वतः लावलेली नसते.

मुलं व्हिडिओ पुढं ढकलतात, उत्तरं एकमेकांकडून घेतात. काय करावं?

एचफाइव्हपीमध्ये पुढं ढकलणं बंद करता येतं. उत्तरं घेणं बंद करता येत नाही, म्हणून त्याची किंमतच काढून टाकली. थांब्यावरच्या उत्तराला गुण मिळतात ते उत्तर दिल्याचे. बरोबर असल्याचे नाहीत. मग नक्कल करून फायदा काय?

सत्राच्या शेवटी प्रत्येक गटानं स्वतःचा एक व्हिडिओ आणायचा, त्यात एक थांबा आणि एक मोजमाप. केळीचा घड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकतानाचा धक्का, खापरावरच्या मांड्यावर येणारे फुगे, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याच्या टापांचा ताल, असं काहीबाही येतं. काही भयंकर असतात. घोड्याचा मात्र सुरेख होता. चार पायांपैकी एकही जमिनीवर नाही अशी फ्रेम त्या मुलानं शोधून काढली होती आणि वर्गाला आधी विचारलं होतं, असं होत असेल का?

एक व्हिडिओ करायला किती वेळ लागतो?

पहिल्याला माझा एक आठवडा गेला. आता एक दुपार. त्यातला तासभर चित्रण आणि बाकी वेळ पर्यायांचे शब्द घासण्यात.

सर, मी तिन्ही थांब्यांवर चुकीचं उत्तर दिलं. नापास होईन का?

नाही. वर लिहिलंय ते परत वाच, गुण उत्तर दिल्याचे आहेत. वहीतलं चुकीचं उत्तर मात्र खोडू नकोस, त्याच्या शेजारी नंतरचं लिही. सोमवारी झोक्याचा तास आहे. दोर मोजायला टेप लागेल, ती तुझ्या गटानं आणायची.